टीव्हीवर लाल रेघ का फुगते?

४३ इंची ४के टीव्ही मॉनिटर म्हणून लावायचा विचार उद्यमनगरात (कारखान्यांच्या वसाहतीत) कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणाऱ्यांच्या मनात येतोच, आणि हिशेबही चुकीचा नसतो. तेवढाच मोठा मॉनिटर खिशाला जड जातो. टीव्ही जोडून ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं, की काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा कोरल्यासारख्या दिसतात. लाल रेघ मात्र मळकट, आणि निळी तर दुप्पट जाड. पहिला आळ केबलवर येतो, आणि मग सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय केबल घरी येते. तिने काहीही फरक पडत नाही. डिजिटल केबल कमी पडली तर पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र मधूनच जातं किंवा लागतच नाही. नेमका लाल रंग तेवढा मळवायचा, हे कुठल्याच केबलला जमत नाही.

खरं कारण टीव्हीच्या स्वभावातच आहे. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हा घरोघरचे कृष्णधवल संच टाकून द्यावे लागले नाहीत. प्रक्षेपणात उजेडाचा सिग्नल वेगळा आणि रंगाचा वेगळा होता. जुना संच फक्त उजेडाचा भाग वाचत होता. उजेडाला ५ मेगाहर्ट्झ जागा, तर रंगाच्या प्रत्येक सिग्नलला साधारण १.३ मेगाहर्ट्झ. ही काटकसर चालून गेली, कारण आपला डोळा उजेडातला फरक बारीक टिपतो आणि रंगातला ढोबळ. प्रक्षेपण डिजिटल झालं तरी ही युक्ती सुटली नाही. डीव्हीडी, ब्लू-रे, यूट्यूब, सगळीकडे प्रत्येक पिक्सेलचा (चित्रातल्या एकेका ठिपक्याचा) उजेड वेगळा नोंदवतात, पण रंग दोन बाय दोन अशा चार पिक्सेलना मिळून एकच. यालाच ४:२:० म्हणतात. प्रत्येक पिक्सेलला उजेडाचा एक आणि रंगाचे दोन, असे चार पिक्सेलसाठी बारा आकडे लागायचे, तिथे उजेडाचे चार आणि रंगाचे दोन, असे सहा पुरतात. सिनेमात हे कुणाच्याही लक्षात येत नाही.

रेघेचं काय होतं, ते आकड्यात बघू. एचडी टीव्हीच्या सूत्रात उजेड = ०.२१२६ लाल + ०.७१५२ हिरवा + ०.०७२२ निळा. म्हणजे शुद्ध लाल रंगाचा जेमतेम २१ टक्के भाग उजेडाच्या वाटेने जातो, बाकी सगळी भिस्त रंगाच्या सिग्नलवर. आता काळ्यावर एक पिक्सेल रुंदीची उभी लाल रेघ काढा. ० ते २५५ च्या मापात लाल २५५, शेजारचा काळा पिक्सेल ०. रंगाची सरासरी दोघांत वाटली गेली, की रेघेच्या पिक्सेलचा लाल २५५ वरून १५५ वर उतरतो आणि त्यात हिरवा-निळा २७-२७ शिरतो, म्हणून ती मळकट. शेजारच्या काळ्यावर मात्र १०० लाल चढतो, म्हणून ती फुगलेली. निळ्याची अवस्था आणखी वाईट, कारण उजेडात त्याचा वाटा फक्त ७ टक्के. तिथे रेघेला १३७ आणि शेजारच्याला ११८ निळा मिळतो. जवळजवळ सारख्याच दोन रेघा झाल्या! पांढऱ्यावर काळ्या अक्षरात रंगच नसतो, म्हणून दुकानात वर्ड उघडून दाखवलेला टीव्ही निर्दोष वाटतो. (विंडोजची अक्षरं गुळगुळीत करणारी सोय, क्लिअरटाइप, अक्षरांच्या कडांना बारीक रंग देते, तिथे थोडं पसरतं.)

तपासणी घरीच करा. विंडोजचं डिस्प्ले स्केल १०० टक्के ठेवा. पेंटमध्ये काळा भरून, १०० टक्के झूमवर, सर्वात बारीक पेन्सिलने शिफ्ट दाबून उभ्या रेघा ओढा: एक लाल, एक निळी, एक पांढरी. लाल-निळी पांढरीपेक्षा जाड दिसली, तर कुठेतरी रंगाची काटछाट चालू आहे.

ती दोन ठिकाणी होते. एक, टीव्हीच्या आत. पूर्ण रंगाचा सिग्नल आला तरी चित्र ‘सुधारणारी’ यंत्रणा बरेचदा तो कापूनच पुढे नेते. हे टाळायला टीव्हीला सांगावं लागतं, की समोर कॉम्प्युटर आहे. सॅमसंग आणि एलजीच्या बऱ्याच संचांत त्या एचडीएमआय इनपुटचं नाव किंवा चिन्ह बदलून ‘पीसी’ करायचं. सोनीत ‘ग्राफिक्स’ हा चित्रप्रकार निवडायचा. नुसतं नाव बदलल्याने काय होणार, असं वाटेल. पण इथे नाव हीच आज्ञा आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे कॉम्प्युटरपासून टीव्हीपर्यंतची वाट. ४के, सेकंदाला ६० वेळा, पूर्ण रंगात पाठवायला सेकंदाला १७.८२ गिगाबिट लागतात. एचडीएमआय २.० ची क्षमता १८, पण जुन्या १.४ ची फक्त १०.२. जुन्या मदरबोर्डवर मग दोनच मार्ग उरतात: पूर्ण रंग ठेवून ३० हर्ट्झ (सेकंदाला ३० वेळा), ज्यात माऊस अडखळतो, किंवा ६० हर्ट्झ ठेवून ४:२:०. दोन्हींना ८.९१ गिगाबिटच लागतात. अशा मशीनला डिस्प्लेपोर्ट १.२ (पडदा जोडायचं दुसऱ्या प्रकारचं पोर्ट) असेल, तर त्यातून एचडीएमआय २.० चा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्या. टीव्हीच्या बाजूलाही त्या पोर्टसाठी एलजीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’ चालू करावं लागतं. शेवटी ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये रंगाचा प्रकार आरजीबी (लाल-हिरवा-निळा) आणि रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे, ‘फुल’ ठेवा. टीव्हीची रेंज १६ ते २३५ आणि कॉम्प्युटरची ० ते २५५ राहिली, तर गडद छटा काळ्यात बुडतात. उलट झालं तर काळा राखाडी दिसतो.

बाकी गोष्टी पटकन. टास्कबार कडेला कापला जात असेल तर ओव्हरस्कॅन चालू आहे; ‘फिट टू स्क्रीन’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ करा. अक्षरांभोवती पांढरी झालर दिसली तर शार्पनेस उतरवा. माऊस मागे रेंगाळत असेल तर गेम मोड लावा. ओएलईडी पॅनेलवर टास्कबार लपवा, तीच जागा सतत उजळून डाग बसू शकतो.

जवळ बसल्याने डोळे जातात, ही भीती जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळातली. १९६७ साली अमेरिकेत काही रंगीत संचांतून मर्यादेबाहेर क्ष-किरण येत असल्याचं आढळलं होतं. एलसीडीत उच्च दाबाची ट्यूबच नाही, त्यामुळे क्ष-किरण नाहीत, आणि ‘रेडिएशन शोषणारे’ स्टिकर शुद्ध फसवणूक आहे. डोळे थकतात ते पापण्या कमी मिटल्याने आणि अतिउजेडाने. म्हणून ‘व्हिव्हिड’ मोड बंद करून बॅकलाइट निम्म्याखाली आणा.

अंतराचा हिशेब असा: ४३ इंची ४के पडद्याचा पिक्सेल सुमारे पाव मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला तो साधारण ८५ सेंटीमीटरपलीकडे सुटा दिसत नाही, म्हणजे मोठ्या टेबलावर ठीक. ‘३२ इंची एचडी रेडी’चं गणित निराळं. खोक्यावर ‘१०८०पी सपोर्ट’ लिहिलेलं असलं, तरी पॅनेल बहुधा १३६६ बाय ७६८ चंच असतं. तो संच फक्त मोठा सिग्नल घेऊन आकसून दाखवतो. पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरहून मोठा, म्हणून पावणेदोन मीटर लांब बसावं लागतं, आणि तिथून ड्रॉइंगवरची मापं वाचता येत नाहीत. असा संच सीसीटीव्हीला लावा.