नफा समाजकार्याला देणारे कॉफी शॉप : नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

‘येथील सर्व नफा समाजकार्यासाठी’ अशी पाटी गल्ल्याशेजारी लावायला कोणाची परवानगी लागत नाही. मात्र त्या पाटीने प्राप्तिकरात सवलतही मिळत नाही. म्हणून महाराष्ट्रात असे दुकान काढू पाहणाऱ्यांनी अर्ज भरायला घेण्यापूर्वी गल्ला कोणाच्या मालकीचा राहणार, हे ठरवावे.

दुकान स्वतःच्या नावावर असेल, तर नफा आधी मालकाचे उत्पन्न ठरतो. नवी करप्रणाली घेतलेल्या व्यक्तीला सर्वसाधारण संस्थेला दिलेल्या देणगीची वजावट मिळतच नाही. जुन्या प्रणालीतही, समजा, वर्षाचा नफा ६ लाख रुपये झाला, दुसरे उत्पन्न नाही आणि सगळी रक्कम ‘ऐंशी जी’ची (म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळवून देणारी) मान्यता असलेल्या अशा संस्थेला धनादेशाने दिली, तर उत्पन्नाच्या १० टक्के म्हणजे ६० हजारच विचारात घेतले जातात आणि त्यांतलेही निम्मे, ३० हजार, वजा होतात. उरलेल्या ५ लाख ७० हजारांवर, पैसे हातात नसतानाही, कराचा हिशेब होतो. थोडेसेच दान करायचे असेल तर हा मार्ग सोपा आहे. सगळा नफा द्यायचा असेल तर तो परवडत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे संस्थेनेच दुकान चालवणे. त्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला सार्वजनिक न्यास चालतो, तशीच कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनीही चालते. रोजची खरेदी-विक्री असल्यामुळे मला कंपनी अधिक सोयीची वाटते. तिला सभासदांना लाभांश वाटता येत नाही, आणि खाजगी स्वरूपाच्या अशा कंपनीला किमान दोन संचालक लागतात. कंपनी स्थापनेच्या ‘स्पाइस प्लस’ या ऑनलाइन अर्जासोबत संचालकांचे पॅन, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, डिजिटल स्वाक्षरी, उद्दिष्टे नमूद केलेले संस्थापन-पत्र, पुढील तीन वर्षांच्या जमाखर्चाचा अंदाज आणि कार्यालयाच्या जागेची कागदपत्रे द्यावी लागतात. जागामालकाचे ना-हरकत पत्र आणि दोन महिन्यांच्या आतले वीजबिल यांवरील पत्ता तंतोतंत जुळला पाहिजे. एकीकडे ‘गाळा क्र. ३’ आणि दुसरीकडे ‘शॉप नं. ३’ एवढ्यावरही अर्ज दुरुस्तीसाठी परत येऊ शकतो.

कंपनी स्थापन झाली म्हणजे करमाफी मिळाली असे नाही. प्राप्तिकर विभागाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. नव्या संस्थेला ती आधी तात्पुरती, तीन वर्षांसाठी मिळते. (१ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे जुन्या नमुन्यावरून अर्ज उतरवून काढू नये.) येथे उद्दिष्टांची शब्दरचना महत्त्वाची ठरते. शिक्षण, वैद्यकीय मदत किंवा गरिबांना साहाय्य अशी स्पष्ट उद्दिष्टे असतील, तर व्यवसायाचे उत्पन्न त्या कामी लावून आणि दुकानाची हिशेबवही स्वतंत्र ठेवून सवलत मिळू शकते. परंतु नुसते ‘सर्वसामान्य लोकोपयोगी कार्य’ लिहिले, तर व्यावसायिक जमेवर एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा येते, आणि कॉफी शॉपवरच चालणारी संस्था ती सहज ओलांडते. उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च झाला पाहिजे. तो दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला दिल्यास दिलेल्या रकमेचा ८५ टक्के भागच खर्च म्हणून धरला जातो.

दुकानाचे परवाने मात्र इतर कोणत्याही हॉटेलासारखेच असतात : कामगारसंख्येनुसार गुमास्ता, उलाढालीनुसार अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना, आणि वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेल्यास जीएसटी. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक बिलावर छापावा लागतो.

ग्राहकाने कॉफीच्या बिलावर ‘ऐंशी जी’ची पावती मागितल्यास ती देता येत नाही, कारण त्याने देणगी दिलेली नसून कॉफी विकत घेतलेली असते. ज्याला देणगी द्यायची असेल, त्याच्याकडून ती बिलाबाहेर घ्यावी, पावतीपुस्तकही निराळे ठेवावे, आणि २,००० रुपयांवरची रक्कम रोखीने स्वीकारू नये, कारण तिच्यावर देणगीदाराला वजावट मिळत नाही.