किटलीतलं दूध आणि माणसाचं रक्त

येळ्ळूरला आमच्या आजोळी संध्याकाळचं दूध डेअरीला घालायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. वाटेत किटली उभी गरागरा फिरवायची, ती डोक्यावरून जाताना थेंबही सांडू द्यायचा नाही, अशी पैज लागे. आजी दारातून ओरडायची, "सांडलं तर आज जेवायला मिळणार नाही बघा!" दूध कधी सांडलं नाही.

पुढे कॉलेजात गणित मांडून पाहिलं. हात आणि किटली मिळून अंदाजे 90 सेंटिमीटर आणि सेकंदाला एक फेरा धरला, तर फिरण्यामुळे दुधाला गुरुत्वाच्या साडेतीनपटीहून थोडं जास्त त्वरण मिळतं. किटली डोक्यावर उलटी असताना त्यातलं एक पट गुरुत्व खातं, तरी अडीच पट शिल्लक राहतं आणि दूध बुडाला दाबलेलं राहतं. या पटीलाच 'जी' म्हणतात. खुर्चीत स्वस्थ बसलेल्या माणसावर 1 जी असतो. 4 जी झाला की 70 किलोच्या माणसाला स्वतःचं अंग 280 किलोचं वाटतं.

आता दुधाच्या जागी माणूस बसवा, पाय बुडाकडे आणि डोकं तोंडाकडे. लढाऊ विमान जोरात वळतं तेव्हा वैमानिकाची गत हीच होते. त्याचं रक्त पायांकडे दाबलं जातं. हृदयापासून डोळे सुमारे 30 सेंटिमीटर उंच असतात आणि तेवढं रक्त वर चढवायला दर जीमागे साधारण 22 मिलिमीटर पाऱ्याचा दाब खर्ची पडतो. हृदयाकडे असतो 120 च्या आसपास. म्हणजे पाच-साडेपाच जीला डोक्यासाठी काही उरतच नाही.

त्यातही डोळे आधी हरतात, आणि मला यातलं सगळ्यात विलक्षण हेच वाटतं. डोळ्याच्या गोळ्यात स्वतःचा दाब असतो. तो मोडून रक्ताला आत शिरावं लागतं. म्हणून आधी रंग फिके पडतात, मग नळीतून बघावं तसं कडेचं दिसेनासं होतं, मग सगळा काळोख. या काळोखातही माणूस शुद्धीवर असतो, त्याला ऐकू येतं. दाब आणखी घसरला की शुद्ध जाते. मेंदूत जेमतेम पाच सेकंद पुरेल एवढा प्राणवायू असतो. त्यामुळे जी फार झपाट्याने वाढला तर डोळ्यांची ही आगाऊ सूचना न मिळताच वैमानिक कोसळू शकतो.

उपाय अंगाशी घट्ट बसणारा आहे. जी वाढला की वैमानिकाच्या खास पोशाखातल्या पिशव्या हवेने फुगून मांड्या आणि पोट आवळतात. शिवाय तो स्वतः पायांचे व पोटाचे स्नायू ताणून, श्वास रोखून, दर तीनेक सेकंदांनी झटकन नवा श्वास घेतो. सरावाने काही सेकंद 9 जी सोसता येतो. आपल्या बेंगळूरला हवाई दलाच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत माणसाला बसवून फिरवणारं प्रचंड यंत्र आहे. ती आमची किटलीच, फक्त आत माणूस.

दिशा बदलली की सगळा हिशेब बदलतो. उताणं झोपलेल्या माणसाच्या छातीकडून पाठीकडे जोर आला तर रक्ताला उंच चढावंच लागत नाही. अंतराळवीर उताणे बसतात ते याचसाठी. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये रशियाच्या सोयुझ या अंतराळयानाचं उड्डाण अर्ध्यात फसलं. दोघा अंतराळवीरांनी जवळजवळ 7 जी सोसला आणि ते धडधाकट उतरले. उलट रक्त डोक्याकडे लोटणारा जोर दोन-तीन जीलाच असह्य होतो.

जोर किती आणि कोणत्या दिशेने, याखेरीज तिसरी गोष्ट म्हणजे तो किती वेळ टिकतो. 10 डिसेंबर 1954 रोजी अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी स्वतःला रॉकेटच्या घसरगाडीवर बांधून घेतलं. ताशी हजार किलोमीटरवरून ती 1.4 सेकंदांत थांबली. कमाल जोर 46.2 जी. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेना, पण नजर परत आली आणि ते 89 वर्षं जगले. पट्ट्यांनी ते आवळून बांधलेले होते, म्हणून वाचले. पुढे त्यांनी मोटारीतल्या सीट बेल्टसाठी जन्मभर आग्रह धरला.

निपाणीजवळचा तवंदी घाट उतरताना पुढच्या सीटवर लेकरू मांडीवर घेऊन बसलेली आई दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी आदळली आणि तिचं नाक 60 सेंटिमीटर चेपून ती थांबली, तर बेल्ट लावलेल्या माणसावर सरासरी 24 जी येतो, तोही सेकंदाच्या चौदाव्या भागापुरता. सुदृढ माणूस यातून वाचू शकतो. पण मांडीवरचं 10 किलोचं बाळ तेवढ्या क्षणापुरतं 240 किलोचं होतं, म्हणजे तांदळाची जवळजवळ पाच पोती. ती हातात धरून ठेवणारा कोणी मला माहीत नाही. हातातून सुटलेलं बाळ समोरच्या फळीवर आदळून पाचच सेंटिमीटरांत थांबलं, तर 280 जी. म्हणून तान्ह्या बाळाची सीट मागच्या बाकावर, बाळाची पाठ गाडीच्या तोंडाकडे येईल अशी बांधतात. मग सगळा जोर त्याच्या कोवळ्या मानेवर न येता डोक्याखाली-पाठीखाली सारखा पसरतो, उताण्या अंतराळवीरासारखा.