लेझर प्रिंटरमधील बारकोड व विशेष फॉन्ट

बारकोड, चेकवरचे चुंबकीय आकडे, देवनागरी अक्षरे, रुपयाचे चिन्ह असे नेहमीच्या रोमन अक्षरमालेबाहेरचे आकार कार्यालयातल्या साध्या लेझर प्रिंटरवर छापता यावेत म्हणून संगणकात किंवा थेट प्रिंटरमध्ये फॉन्ट बसवण्याची पद्धत. चाकण, भोसरी, रांजणगाव इथल्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या पुणे परिसरातल्या लहान उद्योगांना तिची गरज वारंवार पडते. पेटीवरचे लेबल, डिलिव्हरी चलन, गोदामातल्या रॅकची चिठ्ठी, सगळीकडे स्कॅनरला वाचता येईल असा भाग क्रमांक हवा असतो. महिन्याला शे-दोनशे लेबले लागणाऱ्याने त्यासाठी वेगळा लेबल प्रिंटर घेण्याची गरज नाही, टेबलावरचा लेझर प्रिंटर पुरतो.

संगणकाच्या लेखी बारकोडचा फॉन्ट हाही मजकुराच्या फॉन्टसारखाच एक फॉन्ट. अक्षराच्या जागी त्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा गट बसवलेला असतो, इतकेच. ही युक्ती पुण्याला जुनी आहे. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा सी-डॅकचे सुरेख, योगेश हे फॉन्ट, म्हणजे पुण्यातच घडलेली साधने, याच तत्त्वावर चालत. रोमन अक्षरे व चिन्हे यांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तशी फाइल उघडली की मराठीऐवजी निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसत. बारकोडचा फॉन्ट गळाला तर तसेच होते, पट्ट्यांऐवजी तारका आणि उघडा क्रमांक छापून येतो. डीटीपीच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला हा दोष पाहताक्षणी कळतो.

सांकेतिकरण : फॉन्ट बसवला म्हणजे बारकोड झाला, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. तो खरा ठरतो ‘कोड 39’ सारख्या साध्या बारकोड पद्धतीच्या बाबतीत. इंटरमेक कंपनीत 1974 मध्ये तयार झालेल्या या पद्धतीत 43 चिन्हे आहेत. प्रत्येक चिन्ह नऊ पट्ट्यांचे (काळ्या व मधल्या पांढऱ्या मिळून) असते आणि त्यांपैकी तीन रुंद असतात. क्रमांकाच्या मागेपुढे तारका लावून फॉन्ट बदलला की काम होते, तपासणी अंक (वाचन बरोबर झाले का हे पडताळणारा) सक्तीचा नाही. त्यामुळे एक्सेलमध्ये सूत्र लिहिता न येणाराही कोड 39 छापू शकतो. मात्र तो जागा फार खातो. लांब भाग क्रमांक लहान लेबलावर बसत नाही आणि मग लोक ‘कोड 128’ कडे वळतात.

1981 मध्ये आलेल्या कोड 128 मध्ये प्रारंभचिन्ह, तपासणी चिन्ह आणि अंत्यचिन्ह लागतेच. उदाहरणार्थ, ‘पुणे’ हा शब्द रोमन मोठ्या अक्षरांत, म्हणजे पी, यू, एन, ई असा, रोमन अक्षरे व अंक असलेल्या ‘ब’ संचात (सेट बी) लिहायचा आहे. संचातल्या प्रत्येक चिन्हाला एक ठरलेला अंक, म्हणजे किंमत, असते. प्रारंभचिन्हाची किंमत 104 आणि अक्षरांच्या किमती अनुक्रमे 48, 53, 46 व 37. प्रत्येक किमतीला तिच्या स्थानाने, म्हणजे 1, 2, 3, 4 ने, गुणून 104 मध्ये मिळवले की बेरीज 544 येते. तिला 103 ने भागल्यावर बाकी 29 उरते. 29 किमतीचे चिन्ह, म्हणजे बरोबरचे (=), हेच तपासणी चिन्ह. म्हणून फॉन्टला द्यायची माळ अशी : प्रारंभचिन्ह, चार अक्षरे, बरोबरचे चिन्ह, अंत्यचिन्ह. यातले काहीही राहिले तरी कागदावर पट्ट्या सुबक दिसतात, पण स्कॅनर मुका राहतो. चांगल्या फॉन्टसोबत ही माळ तयार करणारे छोटे सूत्र किंवा मॅक्रो येतो. फॉन्ट घेताना आधी तोच तपासावा.

किरकोळ विक्रीच्या मालावरच्या ईएएन-13 या तेरा अंकी बारकोडचे गणित वेगळे. त्यात पहिला अंक पट्ट्यांच्या रूपात छापलाच जात नाही. पुढच्या सहा अंकांना दोन पर्यायी आकार असतात आणि त्यांतला कोणता कुठे वापरला यावरून पहिला अंक ओळखला जातो. बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस1 इंडिया या संस्थेकडून घेतलेले क्रमांक 890 ने सुरू होतात. हा क्रमांक विकत घ्यावा लागतो, मनाने घालून चालत नाही.

फॉन्टची जागा : फॉन्ट संगणकात ठेवता येतो किंवा प्रिंटरमध्ये. 1984 च्या पहिल्या एचपी लेझरजेटला फॉन्टची काडतुसे खोबणीत बसवावी लागत. नंतर पीसीएल या एचपीच्या प्रिंटर-आज्ञांच्या भाषेतून फॉन्ट प्रिंटरकडे पाठवण्याची सोय झाली. प्रत्येक फॉन्टला एक ओळखक्रमांक द्यायचा आणि त्याला ‘तात्पुरता’ किंवा ‘कायम’ ठरवायचे. यातला ‘कायम’ शब्द फसवा आहे. साध्या स्मृतीत उतरवलेला कायम फॉन्टही वीज गेली की पुसला जातो. गुरुवारच्या वीजबंदीनंतर पहिल्याच चलनावर उघडे क्रमांक छापून आले, तर बहुधा हेच घडलेले असते. उपाय दोन : फॉन्ट प्रिंटरच्या फ्लॅश मॉड्यूलवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवणे, अथवा रोज सकाळी तो आपोआप पाठवला जाईल अशी व्यवस्था करणे. क्योसेराच्या प्रिंटरांत प्रिस्क्राइब नावाची आज्ञाभाषा असते. तिच्यातल्या एका आज्ञेवर प्रिंटर स्वतःच बारकोड आखतो, फॉन्ट लागत नाही.

प्रिंटरमध्ये फॉन्ट बसवण्याचा खटाटोप करावा तो जुनी कोबोल किंवा फॉक्सप्रोमधली प्रणाली, किंवा मोठ्या कंपनीची एसएपी, विंडोजच्या ड्रायव्हरला (प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) वळसा घालून प्रिंटरकडे थेट मजकूर पाठवत असेल तरच. वर्डमधून वा टॅलीमधून छापणाऱ्याने फॉन्ट संगणकातच ठेवावा. शिवाय स्वस्त प्रिंटर फॉन्ट स्वीकारतही नाहीत. कार्यालयांत सर्रास दिसणारा लेझरजेट 1020 संगणकाने आधीच तयार केलेले पानाचे चित्र तेवढे छापतो.

छपाईची गुणवत्ता : 600 डीपीआयच्या, म्हणजे इंचाला 600 ठिपके छापणाऱ्या, प्रिंटरचा एक ठिपका सुमारे 0.0423 मिमी असतो. ईएएनची सर्वांत बारीक पट्टी मूळ मापात 0.33 मिमी असते, म्हणजे 7.8 ठिपके. ठिपका अर्धा छापता येत नाही. त्यामुळे काही पट्ट्या सात ठिपक्यांच्या, काही आठ ठिपक्यांच्या पडतात आणि प्रमाण बिघडते. फॉन्टचे माप असे निवडावे की पट्टी पूर्ण आठ ठिपक्यांची, 0.339 मिमीची, येईल. याच कारणाने ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवावा. 97 टक्क्यांवर आणलेले पान डोळ्यांना फरक दाखवत नाही, स्कॅनरला दाखवते. टोनर वाचवण्याचा पर्यायही बंद हवा, कारण त्यात काळी पट्टी विरळ होते. कोड 39 व कोड 128 च्या दोन्ही बाजूंना बारीक पट्टीच्या दसपट कोरी जागा लागते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचले म्हणून लेबल पास करू नये. ग्राहकाच्या गेटवरचा स्कॅनर तितका समजूतदार नसतो आणि गाडी तिथूनच परत येते. लेबलांचे कागद लेझरसाठीचेच घ्यावेत, आणि पावसाळ्यात कागदाचे रीम उघडे ठेवू नये, दमट कागदावर टोनर नीट धरत नाही. अर्धी लेबले काढलेला कागद पुन्हा घालू नये. तापलेल्या रोलरला उघडा डिंक चिकटतो.

देवनागरी आणि रुपया : युनिकोड देवनागरीत ‘कि’ मधली वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर, छापायची असते आधी. जोडाक्षरे तर पूर्ण नवी घडतात. ही जुळणी प्रिंटर करत नाही, संगणकच करतो आणि तयार आकार पाठवतो. म्हणून प्रिंटरमध्ये मराठी फॉन्ट नुसता उतरवून फायदा नाही. ₹ हे डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले चिन्ह 15 जुलै 2010 रोजी स्वीकारले गेले. त्याआधीच्या प्रिंटरांच्या अंगभूत फॉन्टमध्ये ते असणे शक्यच नाही. ड्रायव्हर जेव्हा संगणकातल्या एरियल फॉन्टऐवजी प्रिंटरचा आपला फॉन्ट वापरतो तेव्हा बिलावर ₹ च्या जागी चौकोन उमटतो. ड्रायव्हरमध्ये ‘ट्रूटाइप बिटमॅप म्हणून पाठवा’ हा पर्याय निवडला की चिन्ह परत येते. फॉन्ट नव्याने बसवण्याआधी एवढे करून पाहावे.

जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसवरचा क्यूआर कोड फॉन्टने छापू नये. सरकारी पोर्टलवरून आलेली सही केलेली माहिती त्यात असते. तिचे चित्र करून तेच पानावर ठेवावे.

चेकच्या तळाशी असणारा ई-13बी हा दहा अंक व चार चिन्हांचा फॉन्ट. तो चुंबकीय टोनरनेच छापावा लागतो, नेहमीच्या टोनरने छापलेला अंक दिसतो पण चुंबकीय यंत्राला वाचता येत नाही. पुण्यातल्या शाखांचा नऊ अंकी एमआयसीआर कोड, म्हणजे याच पट्टीतला बँक-शाखेचा क्रमांक, 411 ने सुरू होतो, कारण पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे असतात. भारतात ही पट्टी चेकबुकावर बँकेकडूनच छापून येते. चेकवर नाव व रक्कम छापणाऱ्या कार्यालयाला हा फॉन्ट लागत नाही, उलट त्या पट्टीच्या जागेत आपला मजकूर उतरू न देणे एवढेच त्याने पाहायचे असते.