झोपेची गोळी मागण्याआधी

आमच्या फार्मसीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, डिचोली

"झोपेच्या दोनच गोळ्या द्या, जास्त नकोत." काउंटरवर ही मागणी रोजची. आम्ही नाही म्हटलं की ओळखीची माणसंही रुसतात, म्हणून कारण इथे सांगून टाकतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोलपिडेम ही औषधं शेड्यूल एच-१ या औषध कायद्यातल्या यादीत मोडतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या वहीत लिहावं लागतं आणि ती वही ३ वर्षं जपून ठेवावी लागते.

कायदा नसता तरी आम्ही हात आखडताच घेतला असता. अशा गोळ्या काही आठवडे रोज घेतल्या की अंगाला त्यांची सवय होते. मग तेवढ्याने भागत नाही, आणि एकदम बंद केल्या तर घाबरेपणा, थरथर, क्वचित फिटसुद्धा येते. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठतो, झोकांडी जाऊन पडतो आणि खुबा मोडून घेतो. एवढं होऊन झोप मुळात उडाली कशाने, हे कळलेलं नसतंच.

कारण पुष्कळदा मनाच्या दुखण्यात असतं, आणि हे दुखणं आमच्याकडे दुसऱ्याच नावाने येतं. कुणी ॲसिडिटीवर काहीतरी मागतो, कुणी डोकेदुखीवर, कुणी "अशक्तपणा आलाय, टॉनिक द्या" म्हणतो. छातीत धडधड, हातपाय गार, आता जीव जातो की काय अशी भीती, आणि थोड्या वेळात सगळं ओसरतं. ईसीजी मात्र व्यवस्थित. हा घबराटीचा झटका असू शकतो. पण छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर असला अंदाज घरी बांधू नका, थेट इस्पितळ गाठा.

मन खट्टू होणं हा आजार नव्हे. घरात कुणी गेलं, मुलगी परदेशी निघाली, तर रडू येणारच. मात्र २ आठवडे होऊन गेले, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास आहे, चवथीच्या माटोळीतही रस वाटत नाही, जेवण जात नाही, पहाटे तीनला जाग येते, कामात चुका होतात, "माझा सगळ्यांना भार झालाय" असं तोंडून निघतं, तर डॉक्टरला दाखवायची वेळ झाली. "कारण आहे ना, मग आजार कसला?" असं लोक विचारतात. २०१२ ला आणि पुन्हा २०१८ ला खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकांचे हप्ते डोक्यावर असलेली घरं आपल्या तालुक्याने पाहिली आहेत. चिंतेला कारण खरंच होतं. पण कारण खरं असलं म्हणून आजार जडत नाही असं नाही.

थायरॉईड, बी-१२ किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तरीही माणूस असाच मलूल होतो. त्यामुळे आधी नेहमीच्या डॉक्टरकडून तपासून घ्या. बाळंतपणानंतर काही आठवडे उलटूनही बाई उदास असेल तर "होईल सवयीने" म्हणून सोडून देऊ नका.

दारूबद्दल एकच. झोप यावी म्हणून घेतलेला पेग झोप मोडतो, आणि गोळीबरोबर घेतला तर श्वास मंदावू शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र हट्टाने एका रात्रीत सोडू नये. फिट येणं, भ्रम होणं यामुळे जीवावर बेततं. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडावी.

उपचार म्हणजे नुसत्या गोळ्या नव्हेत. गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी मोजक्या बैठकांत बोलून, त्यांना सोडून दिलेली छोटी छोटी कामं पुन्हा करायला लावली. त्याने फरक पडला. घरात बसून राहिलेल्या माणसाला "मन घट्ट कर" म्हणण्यापेक्षा बाजारापर्यंत सोबत नेणं जास्त उपयोगाचं, असं आमचंही मत. देवाला गाऱ्हाणं घाला, कौल घ्या, आमची ना नाही. फक्त डॉक्टरची तारीख चुकवू नका.

नैराश्याची गोळी सुरू झाली तर ती पॅरासिटामोलसारखी तासाभरात काम करत नाही. २ ते ४ आठवडे लागतात. मळमळ, तोंड कोरडं पडणं असे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतात, आणि नेमके तेव्हाच लोक गोळी टाकून देतात. बरं वाटू लागल्यावरही ती बहुधा निदान ६ महिने चालू ठेवायला सांगतात. बंद करायची ती डॉक्टरला विचारून, हळूहळू. लिथियम (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये, मीठ अचानक तोडू नये आणि अंगदुखीवर आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नये; रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. जुलाब-उलट्या लागल्या तर लगेच डॉक्टरला कळवा.

कुणी मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर सरळ विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या आणि शेतीची औषधं कुलपात ठेवा. काही घडलंच तर १०८ ला फोन करा, शिक्षेच्या भीतीने उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे अशा माणसाला तीव्र मानसिक ताणाखाली होता असं धरूनच वागवलं जातं.

टेलि-मानस १४४१६ हा मनाच्या दुखण्यासाठीचा सरकारी मदत क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. तिथे दाखवायला गेलं म्हणजे दाखल करतीलच असं नाही.

आम्ही निदान करत नाही, पण चिठ्ठी आणि चालू असलेली सगळी औषधं, आयुर्वेदिकसुद्धा, घेऊन आलात तर एकमेकांना बाधणारं काही आहे का ते पाहून सांगतो. लोकांसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर दुपारी दुकान बंद व्हायच्या थोडं आधी या, तेव्हा गर्दी नसते.