हेरिटेज यादीत घर गेलं म्हणजे खिळाही ठोकता येत नाही?

मुंबईत गिरगाव-फोर्टकडे हेरिटेज यादीबद्दल, म्हणजे जतन करायच्या जुन्या वास्तूंच्या यादीबद्दल, हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं: 'यादीत नाव गेलं की संपलं, खिळा ठोकायलाही समितीची परवानगी!' हे खरं नाही.

मुंबईचे हेरिटेज नियम 1995 साली आले. त्यांत वास्तूंचे तीन ग्रेड आहेत. ग्रेड एकच्या वास्तू, म्हणजे सीएसएमटीसारख्या, खरोखरच कडक नियमांत येतात. मजबुतीसाठी किंवा आयुष्य वाढवण्यासाठी गरजेचं असेल तेवढंच काम, तेही मूळ रूपाला धरून. ग्रेड दोनमध्ये आतले बदल शक्य असतात, पण दर्शनी भागाचं वैशिष्ट्य टिकलं पाहिजे. ग्रेड तीनमध्ये तर आतबाहेर दोन्हीकडे बदलांना आणि वास्तूचा वापर बदलायलाही वाव आहे. आपल्या इमारतीचा ग्रेड कोणता, हे न पाहताच बरेच जण घाबरतात.

दुसरा गैरसमज समितीबद्दलचा. हेरिटेज समिती सल्ला देते. परवानगीची सही महापालिका आयुक्तांची. अर्थात सल्ला सहसा डावलला जात नाही, म्हणून 'समितीनं अडवलं' असं लोक म्हणतात. शिवाय मालकी मालकाचीच राहते. घर विकायला यादी आड येत नाही.