सकारात्मक विचार आणि विवेकी विचार: दिसायला सारखे, कामाला वेगळे

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीचा निकाल लागतो, तेव्हा यादीत नाव नसलेल्या कित्येकांच्या डोक्यात एकच विचार घुमू लागतो: 'आता माझं काहीच होऊ शकत नाही.' मित्र, नातेवाईक, मोबाइलवरचे व्हिडिओ सगळे म्हणतात, 'पॉझिटिव्ह राहा.' समुपदेशक म्हणतो, 'विवेकाने विचार कर.' ऐकणाऱ्याला दोन्ही सल्ले सारखेच वाटतात. ते तसे नाहीत, आणि हा फरक कळला नाही तर खचलेला माणूस आणखी खचू शकतो.

सकारात्मक विचारांची पद्धत जुनी आहे. फ्रान्समधल्या नान्सी शहरात एमिल कुए नावाचा औषधविक्रेता होता. 'दिवसेंदिवस मी सर्व बाजूंनी अधिकाधिक बरा होत आहे' अशा अर्थाचं वाक्य तो लोकांना उठताना आणि झोपताना वीस-वीस वेळा म्हणायला सांगे. वाईट विचाराच्या जागी चांगला विचार बसवायचा, एवढंच त्याचं सूत्र.

विवेकी विचाराची वाट दुसरीकडून येते. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मनोविश्लेषणाची पद्धत सोडून 1955 च्या सुमारास स्वतःची उपचारपद्धती मांडली. घटना आपल्याला अस्वस्थ करत नाही, तिच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी करते, हा एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाचा विचार तिच्या मुळाशी आहे. महाराष्ट्रात ही पद्धत कि. मो. फडके यांनी रुजवली, आणि ठाण्याच्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती घराघरांत पोहोचवली.

आता तोच नापास झालेला मुलगा घेऊ. सकारात्मक विचार त्याला सांगतो, 'पुढच्या वेळी नक्की होणार.' म्हणजे एका भाकिताच्या जागी दुसरं भाकीत. दोन्हींना पुरावा नाही, आणि मनाला आतून ते कळतं. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांचं स्वतःविषयीचं मत मुळातच वाईट होतं, त्यांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' हे वाक्य मनात म्हणून उलट जास्त वाईट वाटलं. ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांनाच हा उपाय बोचला.

विवेकी विचार भाकीत करतच नाही. तो विचारतो: 'हे पद मिळालंच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल, असं कशावरून?' एलिस यांच्या मते नैराश्याचं मूळ इच्छेत नसतं, इच्छेचा हट्ट होण्यात असतं. इच्छा ठेवायची, हट्ट तपासायचा. मग विचार असा होतो: 'मला हे पद मनापासून हवं होतं. मिळालं नाही, हे वाईटच झालं. पण ते सोसण्यापलीकडचं नाही, आणि एका निकालावरून माझी अख्खी किंमत ठरत नाही.'

या विचारात वाईट वाटणं शिल्लक राहतं, आणि मला हीच त्याची सर्वांत मोठी ताकद वाटते. एलिस नैराश्याऐवजी आनंद आणायला सांगत नाहीत. नैराश्याऐवजी दुःख, भयाऐवजी काळजी, स्वतःला झोडपण्याऐवजी पश्चात्ताप, असा तो बदल आहे. दुःखी माणूस जेवतो, बोलतो, चुकलेले प्रश्न पुन्हा काढून बघतो. निराश माणूस खोलीचं दार लावून घेतो. घरात कुणी रडत असेल तर 'रडू नको, चांगला विचार कर' म्हणण्याआधी आपण सर्वांनीच हे लक्षात घ्यावं.

आणखी एक फरक फार कमी बोलला जातो. 'नक्की होणार' या विचाराला थांबणं मान्य नसतं. तयारीत वर्षं जातात, वयोमर्यादा जवळ येते, घरचे पैसे संपत येतात, तरी मागे वळणं म्हणजे नकारात्मक होणं असं वाटतं. विवेकी विचार हाच प्रश्न मोकळेपणाने मांडू देतो: आणखी एक प्रयत्न करावा की दुसरी नोकरी धरावी? उत्तर दोन्हीपैकी काहीही असू शकतं.

मुलाखतीला आत शिरताना 'जमेल मला' म्हणून धीर घेणं चांगलंच, त्याला कुणाची हरकत नसावी. पण रोजच्या सवयीसाठी वही घ्या. घडलं काय, त्यावर मनात आलेला विचार कोणता, आणि त्यामुळे काय वाटलं, हे वेगवेगळं लिहा. मग त्या विचाराला तीन प्रश्न विचारा: पुरावा काय? तर्काला धरून आहे का? असं मानून मला मदत होते का? नवा विचार लिहिलात की सर्वांत वाईट निकाल समोर ठेवून तो वाचा. 'नक्की होणार' तिथे कोसळतं. 'वाईट झालं, तरी सोसता येईल' टिकतं.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक उडाली, तर वहीवर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आणि जीव द्यावासा वाटला, तर दोन आठवडे काय, एक दिवसही थांबू नका. जवळच्या माणसाला लगेच सांगा. 14416 ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं.