पाळीआधीचा त्रास: ब जीवनसत्त्वापासून कॅल्शियमपर्यंत

कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आहे. पाळी सुरू झाली हे आडून सांगायचे मराठीत कितीतरी प्रकार. पण त्याआधीच्या आठवड्यात छाती दुखते, पोट फुगतं, कुणी 'जेवलीस का?' विचारलं तरी डोळे भरून येतात आणि रात्री अकराला फरसाणाचा डबा शोधला जातो, त्या दिवसांना आजीच्या तोंडी वेगळं नाव ऐकल्याचं मला आठवत नाही. होस्टेलमधल्या मुली सरळ 'पीएमएस' म्हणतात. नावासोबत सल्लेही आयते येतात: मीठ कमी कर, कॉफी सोड, बी-सिक्स घे, कॅल्शियम सुरू कर. हे सल्ले एका वयाचे नाहीत आणि एका तोलाचेही नाहीत.

1931 मध्ये न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी 15 रुग्णांच्या नोंदींवरून 'पाळीपूर्व ताण' असं नाव दिलं. दोष त्यांनी बीजकोशातल्या हॉर्मोनला दिला आणि त्रास फारच असेल तर बीजकोशांवर क्ष-किरण सोडले. त्यापुढे नंतरचे आहाराचे प्रयोग अगदीच सोज्वळ वाटतात.

आहार या गोष्टीत शिरला तो 1940 नंतर, जीवनसत्त्वांचा बोलबाला असताना. अमेरिकी डॉक्टर मॉर्टन बिस्किंड यांचं म्हणणं असं, की बीजकोशातल्या ईस्ट्रोजेन या हॉर्मोनचा निचरा यकृत करतं, त्यासाठी ब गटातली जीवनसत्त्वं लागतात, ती कमी पडली की हॉर्मोन साचतं. तर्क सुबक होता, पुरावा तुटपुंजा. अंगात पाणी साठतं म्हणून हा त्रास, हीही त्याच काळातली समजूत, आणि मीठ कमी करण्याचा सल्ला तिच्याच पोटचा. 1953 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या महिला कैद्यांवर झालेल्या एका अभ्यासात हे सगळं एकत्र आलं: भरपूर प्रथिनांचा आहार, ब जीवनसत्त्वं आणि पाणी उतरवणारं औषध.

त्याच वर्षी लंडनमध्ये कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन या डॉक्टरांच्या लेखातून 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम', म्हणजेच पीएमएस, हे नाव रूढ झालं. गरोदरपणात आपली अर्धशिशी थांबते हे डाल्टन यांना स्वतःच्या अनुभवातून कळलं होतं, म्हणून त्यांचा सगळा भर गरोदरपणात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनवर. तरी रुग्णांना त्या दर तीन तासांनी थोडं पिष्टमय खायला सांगत. साबुदाण्याची खिचडी बाईंना चालली असती, निर्जळी उपास मात्र नाही.

ब गटातल्याच बी-6 ची कथा जरा थांबून सांगायला हवी. 1973 मध्ये गर्भनिरोधक गोळ्या घेऊन उदास झालेल्या काही स्त्रियांवर या जीवनसत्त्वाची चाचणी झाली. ज्यांच्या शरीरात ते मुळातच कमी होतं, त्यांना गुण आला. एवढ्याशा निष्कर्षावरून उडी थेट पाळीआधीच्या उदासीपर्यंत गेली आणि 'जीवनसत्त्वच तर आहे' म्हणत मात्रा वाढत गेल्या. रोजची गरज दोनएक मिलिग्रॅमची. 1983 मध्ये अमेरिकेतून सात रुग्णांची नोंद आली. दिवसाला दोन ते सहा ग्रॅम, म्हणजे गरजेच्या हजारपट आणि वर. पाय बधिर, चालताना तोल जातो. त्यांतल्या एका तरुणीने गोळी सुरू केली होती ती पाळीआधीची सूज उतरावी म्हणून. पुढे 1999 मध्ये नऊ चाचण्यांचा, एकूण 940 स्त्रियांचा आढावा निघाला: दिवसाला 100 मिलिग्रॅमपर्यंत मात्रेचा उपयोग होत असावा, पण मूळ चाचण्याच कच्च्या.

कॅल्शियमचं उलट झालं. पाळीच्या चक्रात रक्तातलं कॅल्शियम बदलतं ही नोंद 1930 ची, फ्रँक यांच्याही आधीची, पण कित्येक दशकं तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 1989 मध्ये सुझन थिस-जेकब्स यांनी छोटी चाचणी केली आणि 1998 मध्ये मोठी: 466 स्त्रिया, रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम किंवा हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी, सलग तीन पाळ्या. तिसऱ्या पाळीपर्यंत कॅल्शियमच्या गटात त्रास 48 टक्के कमी झाला. आणि पोकळ गोळीच्या गटात? 30 टक्के. मला या सगळ्या इतिहासात हाच आकडा सगळ्यात बोलका वाटतो. आधीच्या पन्नास वर्षांत 'मला फरक पडला' असं जे जे सांगितलं गेलं, त्यातलं किती या 30 टक्क्यांत बसतं?

मग प्रश्न गोळीवरून ताटाकडे वळला. अमेरिकी परिचारिकांच्या दीर्घ पाहणीतून 2005 मध्ये दिसलं, की आहारातून जास्त कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांना हा त्रास कमी होतो. 2011 मध्ये अन्नातल्या बी-1 आणि बी-2 बद्दल तसंच आढळलं, गोळ्यांतून घेतलेल्याबद्दल नाही. मात्र 2005 च्या अभ्यासातल्या या बायका सुरुवातीला 27 ते 44 वर्षांच्या होत्या. एकोणीस वर्षांच्या मुलीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणं धाडसाचं.

तरुण मुलींच्या पाहण्या आहेत, पण बहुतेक एका बैठकीत भरून घेतलेल्या प्रश्नावल्या. 1980 च्या दशकात अमेरिकी विद्यार्थिनींमध्ये कॅफिनचा, आणि चीनमधल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनी व चहा कारखान्यातल्या कामगार स्त्रियांमध्ये चहाचा या त्रासाशी दाट संबंध दिसला. 2016 मध्ये परिचारिकांच्या त्याच पाहणीत कॅफिनचा संबंध उरला नाही. झोप नाही म्हणून चहा, की चहामुळे झोप नाही, हे एकदा भरलेल्या फॉर्मवरून कळणार कसं? फरसाणाचंही तेच. खावंसं वाटणं हेच मुळी त्रासाचं एक लक्षण.

आपल्याकडे गुंता आणखी वाढतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला, म्हणजे थकवा पाळीआधीचा की महिनाभराचाच, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. प्रौढ स्त्रीसाठी कॅल्शियमची शिफारस 2020 मध्ये रोज 600 वरून 1000 मिलिग्रॅमवर गेली. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं, म्हणजे नुसत्या भाकरीवर भागत नाही. दूध, दही, तीळ लागतातच.

रोजची नोंद ठेवायला सांगितली की आणखी एक गोष्ट होते. पीएमडीडी या तीव्र प्रकाराच्या निदानाला किमान दोन पाळ्यांच्या दैनंदिन नोंदी लागतात. 'मला दर महिन्याला होतं' असं खात्रीने सांगणाऱ्या कित्येकींच्या वहीत त्रासाचे दिवस महिनाभर विखुरलेले निघतात.